कोरडी बैठक

त्यांना सगळे हौदवाले म्हणत. एके काळी ते खरोखरच हौद बांधायचे. गच्चीवरचे, जमिनीखालचे, जाड सिमेंटचे, एकदा झाकण घातलं की मालकालाही आठवू नयेत असे. पुढे काळ्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या, माणसं त्या खांद्यावरून आणून ठेवायला लागली, आणि हौदांचे दिवस भरले. नाव तेवढं चिकटून राहिलं.

त्याच सुमारास हाडांच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोलावून विचारलं, “माणसाला आत बसता येईल असा हौद बांधता येईल का? घरातच, एका खोलीत. पाणी कोमट हवं, आणि पाण्याचे झोत बरोबर दुखऱ्या जागी लागले पाहिजेत.”

“हौद तो हौद,” हौदवाले म्हणाले आणि तोंडघशी पडले. तो पहिला हौद इतका भक्कम झाला की त्यात हत्ती डुंबला असता. पण डॉक्टरीणबाईंचे सासरे त्यात बसले की साबणाच्या वडीसारखे घसरत आणि नाकातोंडात पाणी घेऊन सुनेला हाका मारत. तेव्हा हौदवाल्यांना कळलं की पाण्यातला माणूस जमिनीवरचा राहत नाही. तो हलका होतो, वर उचलला जातो, पाय त्याचं ऐकेनासे होतात. टाकीत पाणी साठवायचं असतं. इथे माणूस साठवायचा होता, आणि तोही दुखरा.

त्या फजितीतून त्यांची एक पद्धत तयार झाली. तिला ते कोरडी बैठक म्हणत. त्यांनी प्लायवुडची एक खुर्ची करून घेतली होती. तिची बैठक वरखाली होई, पाठ मागेपुढे कले. हौद जिथे व्हायचा त्या रिकाम्या खोलीत ही खुर्ची मांडायची, ज्याच्यासाठी हौद त्याला नेहमीच्या कपड्यांत तीत बसवायचं आणि डोळे मिटायला सांगायचं. मग विचारायचं: सकाळी जाग आली की पहिला हात कुठे जातो? कुठल्या कुशीवर झोपता? उठताना आधी कशाला धरता? माणूस बोलत राही आणि हौदवाले खडूने पाठीच्या फळीवर खुणा करत राहत. त्या खुणांवरून झोतांच्या जागा ठरत, बैठकीची उंची ठरत असे, धरायच्या दांड्या कुठे लावायच्या ते ठरे.

माणसं काय काय सांगत! एका कडक मुख्याध्यापिकेने डोळे मिटल्या मिटल्या सांगितलं होतं की पाठ दुखते ती दुखतेच, पण पाठीवर कुणी हात ठेवत नाही याचं जास्त दुखतं. मग डोळे उघडून, “हे कुठे बोलायचं नाही,” असं बजावलंही होतं. हौदवाले कुठे बोलले नाहीत. पाठीच्या दोन फऱ्यांच्या मधोमध एक रुंद, मऊ झोत त्यांनी जास्तीचा बसवून दिला.

एवढी दुसऱ्यांची दुखणी ऐकून ते घरी यायचे तेव्हा कान भरलेले असत. बायको काही सांगायला लागली की “हं” म्हणायचे. ती घरी शिवणयंत्रावर पडदे शिवायची. दिवसभर कापड ओढून ओढून तिच्या उजव्या फऱ्याखाली एक गाठ आली होती. संध्याकाळी ती त्यांच्याकडे पाठ करून बसे, आणि बातम्या बघता बघता हौदवाले अंगठ्याने ती गाठ दाबत. संसारातलं तेवढं एकच संभाषण त्यांना नीट जमत असे.

मग मुलीच्या बाळंतपणाला म्हणून ती गेली आणि तिकडेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. “वहिनी कधी येणार?” असं कुणी विचारलं की ते म्हणत, “बाळ जरा मोठं होऊ दे.” बाळ रांगलं, चाललं, बोबडं बोललं, दप्तर घेऊन शाळेत जायला लागलं. मधल्या काळात एकदा जावई आला आणि शिवणयंत्र गाडीत घालून घेऊन गेला. तेव्हा तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. त्यांनी उलट यंत्राची एक बाजू धरून ते जिन्यावरून उतरवायला मदत केली.

घरात आवाज हवा म्हणून ते रेडिओ लावून ठेवू लागले. ओट्यापाशी उभ्यानेच जेवू लागले. पलंगाच्या तिच्या बाजूला हळूहळू नकाशांच्या गुंडाळ्या साचल्या. त्या कूस बदलताना कुरकुरत, आणि झोपेत त्यांना क्षणभर बरं वाटे.

अशात एके दिवशी मुलीचा फोन आला.

“बाबा, आई पडली होती. जिन्यात. खुब्याचं हाड मोडलं.”

“कधी?”

“झाले तीन-चार महिने. ऑपरेशन झालं, सगळं नीट आहे.”

“मला सांगितलं नाहीस?”

“तीच म्हणाली, कामात असतील, सांगू नकोस.” मग मुलीने मूळ मुद्दा काढला. “डॉक्टर म्हणतात, कोमट पाण्यात व्यायाम केला तर पाय लवकर सुधारेल. आमची खालची अडगळीची खोली आहे ना, तिथे तू...”

“उद्या येतो,” हौदवाले म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी रेडिओ लावला नाही. त्यांच्या मनाने एक गोष्ट पक्की धरली होती. बायको पाण्यात बसेल, झोत सुरू होईल आणि बरोबर त्या गाठीवर येऊन लागेल. तिला कळेल की इतक्या वर्षांनी अंधारात बोट ठेवावं तशी ती जागा या माणसाला ठाऊक आहे. पुढचं बोलायला मग आपोआप जमेल. ‘चल घरी,’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते शब्द तोंडाने म्हणण्यापेक्षा पाइपातून पोचवणं त्यांना सोपं वाटत होतं.

त्यांच्याबरोबर प्लंबर होता. हौदांच्या काळापासूनचा जोडीदार, काटकुळा आणि तोंडाळ. त्याला सगळे नळ्या म्हणत. अडगळ काढून झाल्यावर त्याने टेपने भिंती मोजल्या आणि इकडेतिकडे बघत विचारलं, “खुर्ची कुठाय?”

“आणली नाही.”

“मग वहिनींना बसवणार कशात? तुझ्या मांडीवर?”

“गरज नाही. तिचं माप मला पाठ आहे.”

“अरे, परक्या बायकांना डोळे मिटून बसवतोस आणि घरच्या माणसाला बसवायला लाजतोस होय रे?”

“तू तुझे पाइप काप,” हौदवाले म्हणाले. नळ्याने ओठ मुडपले आणि पाइप कापायला घेतला.

काम त्यांनी जीव ओतून केलं. घरातल्या पाण्याचा खरा त्रास वाफेचा असतो. ती भिंतीत शिरते, रंगाचे पापुद्रे काढते, दारांच्या चौकटी फुगवते. म्हणून छताला आणि भिंतींना आधी वाफरोधक थर दिला, हवा ओढणारा पंखा बसवला. पंप बाजूच्या बोळकांडीत रबराच्या गाद्यांवर ठेवला, त्याची घरघर तिच्या उशाशी जायला नको. हौदाला आतून निळसर करड्या बारीक टाइल्स लावल्या; तसे पडदे तिने एकदा कुणासाठी तरी शिवले होते आणि देताना तिचा जीव खालीवर झाला होता. हे त्यांना आठवत होतं. आपल्याला आठवतं, याचा त्यांना अभिमानही वाटत होता.

ती शेजारच्याच खोलीत होती. काठीचा आवाज येई, खोकला येई. बोलणं मात्र मुलीमार्फत चाले.

“त्यांना विचार, चहा घेणार का.”

“बाबा, आई विचारतेय...”

“ऐकू आलं. अर्धा कप म्हणावं.”

“आई, अर्धा कप.”

“मला काय कान नाहीत?” आतून आवाज येई. नळ्या पाइपात तोंड घालून हसे.

दारातून ती दिसली की हौदवाले चटकन भिंतीकडे वळत, लेव्हलची पट्टी लावून बघत, खडूने उगाच रेघ मारत. तिच्याकडे नीट बघायचं त्यांनी राखून ठेवलं होतं. आधी हौद होऊ दे, मग.

हौद झाला. पाणी भरून ठेवून गळती तपासली, कुठे थेंब नाही. मुलीला बटणं समजावून दिली. बायको काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आली, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, “छान झालंय. रंग चांगला आहे.” आणि परत गेली. हौदवाल्यांना तेवढंही पुष्कळ झालं. आज ना उद्या ती बसेल, आणि मग फोन येईल.

फोन आला नाही. त्यांनी एक-दोनदा फोन उचलून नुसताच कानाला लावून बघितला, बंद तर पडला नाही ना म्हणून. शेवटी फिल्टर तपासायचं निमित्त काढून ते स्वतःच गेले.

मुलगी आणि जावई कामावर, नातू शाळेत. दार तिने उघडलं. “या,” म्हणाली आणि बाजूला झाली. ते सरळ बोळकांडीत शिरले, झाकण फिरवलं आणि आतला कापडी घड्यांचा फिल्टर बाहेर काढला.

वापरातल्या हौदाचा फिल्टर कधी खोटं बोलत नाही. घड्यांत केस अडकलेले असतात, अंगाच्या तेलाचा पिवळसर थर असतो, मलमाचा वास असतो. हा फिल्टर दुकानातून आणल्यासारखा पांढरा होता. हौदवाले तो दोन्ही हातांत धरून उभे राहिले. पाणी गाळून गाळून त्याला काहीच सापडलं नव्हतं.

ते तसेच बाहेर आले. ती खुर्चीवर बसली होती.

“बसतच नाहीस?”

“एकदा बसले होते.”

“मग?”

“मग काय. पाणी खांद्याला लागत होतं.”

“तिथंच तर दुखतं तुझं.”

“दुखायचं,” ती म्हणाली. “यंत्र विकून किती दिवस झाले. खांदा दुखायचा तेव्हाच थांबला.”

हौदवाल्यांच्या हातातून पाणी ठिबकत होतं. फरशीवर डाग पडत होता, आणि ती त्या डागाकडे बघत होती.

“आणि माझे पाय टेकत नव्हते,” ती म्हणाली. “पाणी इथपर्यंत येत होतं.” तिने हनुवटीला बोट लावलं. “खालून कुणी उचलतंय असं वाटायला लागलं. दांडी धरून बसले झालं. पोरीने बाहेर काढलं.”

“अगं, पण तुझी उंची...”

“बघा की.”

त्यांनी बघितलं. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा. ती अर्धी झाली होती. खांदे उतरले होते, कंबर एका बाजूला कलली होती, मनगटं एखाद्या लहान मुलीची असावीत तशी. त्यांनी हौद बांधला होता तो एका धिप्पाड, कामसू, यंत्रावर वाकलेल्या बाईसाठी. ती बाई या घरात राहत नव्हती. त्यांच्या घरातही राहत नव्हती. ती कुठेच नव्हती, आणि तिच्यासाठी रोज पाणी तापत होतं.

“बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतक्या हौसेनं केलंत. सांगितलं असतं तर फोडावं लागलं असतं.” मग ती जरा हसली. “आणि सांगू कुणाला? तुम्ही भिंती मोजत होतात.”

हौदवाल्यांनी फिल्टर परत जागेवर बसवला, फडक्याने फरशी पुसली आणि दाराशी जाऊन म्हणाले, “उद्या खुर्ची घेऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी रिकाम्या केलेल्या हौदाशेजारी त्यांनी प्लायवुडची खुर्ची मांडली. बैठक खाली घेतली. तिला हात द्यायला गेले, तिने दांडी धरली आणि आपली आपण बसली.

“डोळे मीट.”

“कशाला?”

“सगळे मिटतात.”

तिने डोळे मिटले. हौदवाल्यांनी खडू हातात घेतला.

“सकाळी जाग आली की पहिला हात कुठे जातो?”

“चष्म्याकडे.”

“तसं नव्हे गं. दुखण्याचं विचारतोय.”

“बरं, बरं. सगळ्यांना हेच विचारता?”

“सगळ्यांना.”

“आणि सांगतात?”

“सांगतात.”

मग तिचा हात डाव्या खुब्यावर गेला आणि तिथून मांडीच्या बाहेरच्या बाजूने खाली उतरला. “इथून सुरू होतं. गुडघ्याच्या वर येऊन थांबतं. कधी कधी इथे कमरेत मागे, असं, कुणी दोरी आवळल्यासारखं.” हौदवाले खुणा करत गेले. एकही जागा त्यांच्या ओळखीची नव्हती.

“कुठल्या कुशीवर झोपतेस?”

“कुशीवर नाही. उताणी. मधोमध.”

खडू फळीवर टेकला तो तिथेच राहिला. मग त्यांनी पुढचं विचारलं, “उठताना आधी कशाला धरतेस?”

“पलंगाच्या कडेला. पूर्वी तुमच्या खांद्याला धरायचे, तुम्हाला जाग यायची नाही.” ती अगदी सहज म्हणाली, जशी माणसं त्या खुर्चीत काहीही सहज म्हणत. “तुम्हाला कुणी बसवलंय का हो असं कधी?”

“मला कोण बसवणार?”

ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच हौदवाल्यांना धीर आला. खडू खिशात टाकून ते म्हणाले, “हे नीट झालं, पाय सुधारला, की मग...”

“की मग जिना चढता येईल,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “वर एक लहान खोली आहे, खिडकीची. पोरगी म्हणते, ती तुझी. सकाळी तिथे ऊन येतं. मला तिथे झोपायचंय.” मग तिने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे सरळ बघितलं. “तेवढं करून द्या मला. चांगलं करून द्या.”

तिला कळलं होतं. वाक्य कुठे निघालं होतं आणि कुठे पोचणार होतं, ते तिला पुरतं कळलं होतं. तिने ते हळूच मधल्या मधे उचलून बाजूला ठेवलं.

“देतो,” हौदवाले म्हणाले.

नळ्याने छिन्नी-हातोडा आणला. बैठक फोडताना टाइल्सचे तुकडे उडत होते. “स्वतः बांधलेलं स्वतःच फोडायचं,” तो म्हणाला, “नशीब लागतं बाबा.” हौदवाल्यांनी छिन्नी पुढच्या टाइलवर टेकवली. नळ्याने त्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पुढे दिवसभर विनोद केला नाही. त्याच्या बाबतीत हे फारच झालं.

बैठक वर घेतली, पाय टेकायला एक पायरी भरली. खांद्याचा झोत बुजवला. खुब्याशी, मांडीशी, कमरेशी नवे झोत बसवले, दांडी डाव्या हाताला आणली. मग पंपाची जोडणी परत घट्ट करायची राहिली. नळ्या सामान भरायला बाहेर गेला होता. हौदवाले बोळकांडीत उकिडवे बसले.

जोडणीतला रबरी वायसर काढघालीत चपटा झाला होता. हाच परत घातला तरी आज गळणार नव्हता. काही महिन्यांनी मात्र थेंब थेंब सुरू झाला असता. मुलीने फोन केला असता, “बाबा, जरा येऊन जा ना.” ते आले असते, अर्धा कप चहा झाला असता. मग दुसरीकडे कुठेतरी दुसरा वायसर. अशी किती घरं त्यांना माहीत होती, जिथे कारागीर मुद्दाम एखादी जोडणी कच्चीच ठेवत आणि वर्षानुवर्षं येत-जात राहत. त्यात कुणाचं फारसं काही बिघडतही नसे. चपटा वायसर त्यांनी बोटांत फिरवून बघितला. बोळकांडीत गरम होत होतं. पलीकडून काठीचा आवाज येत होता. दार ते पलंग, पलंग ते दार, ती चालायचा सराव करत होती.

त्यांनी पिशवीतून नवा वायसर काढला, बसवला आणि पाना घेऊन जोडणी आवळली. एकदा आवळल्यावर हाताने चाचपून पुन्हा आवळली.

पाणी भरलं, तापलं. मुलगी तिला आत घेऊन गेली आणि दार लागलं. हौदवाले बोळकांडीतच थांबले. हौद काठोकाठ भरलेला असायचा. आत माणूस उतरला की त्याच्या अंगाएवढं पाणी काठावरच्या जाळीतून सांडून बोळकांडीतल्या टाकीत येई, आणि माणूस बाहेर निघाला की परत हौदात जाई. टाकीच्या अंगाला पारदर्शक नळी होती. तीतलं पाणी स्थिर होतं. मग जाळीतून खळखळ झाली आणि नळीतलं पाणी चढू लागलं. थोडंसंच चढलं. इतकं थोडं की हौदवाल्यांनी नळीवर बोटाने टिचकी मारून बघितली. तेवढीच होती ती.

नळीतलं पाणी थरथरलं आणि मग थांबलं. हौदवाले उभे होते. पाणी खाली येत नव्हतं. झोत सुरू झाल्याचा बारीक कंप आला, तरीही पाणी तिथेच राहिलं. आतून काहीतरी बोलणं ऐकू आलं आणि पाठोपाठ मुलीचं हसणं.

बऱ्याच वेळाने मुलगी बाहेर आली, बाह्या कोपरापर्यंत ओल्या. “बाबा, आई बाहेर यायला तयार नाही! पाय टेकवून ऐटीत बसलीय. म्हणते, तू जा, मला कुणी नको इथे.”

“बसू दे,” हौदवाले म्हणाले. “फिल्टर महिन्यातून एकदा नळाखाली धूत जा. घड्यांच्या आत बोट घालून धुवायचं. ब्रश लावू नकोस.”

“तूच ये की धुवायला.”

“त्यात काय यायचंय. कुणालाही जमेल.”

“थांब ना, आई निघेल आता. भेटून जा.”

त्यांनी एकवार नळीकडे बघितलं. “राहू दे,” ते म्हणाले. “निघायची नाही ती इतक्यात.”

पाना, छिन्नी, उरलेले वायसर त्यांनी पिशवीत भरले. नळ्या टेम्पोत पुढे बसून पेंगत होता. त्याला हलवून त्यांनी हाताने जा म्हणून खूण केली आणि स्वतः चालत निघाले. रस्त्यावर दुकानं उघडी होती, माणसं शाळेतून पोरांना घरी नेत होती. बोळकांडीतल्या वाफेने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. वारा होता. कोपऱ्यावर पोचेपर्यंत शर्ट वाळला.